सात दाण्यांचं कणीस

"अगं ए, हातातलं टाक आणि आधी इकडे ये!"

मी परसातून अशी आरोळी ठोकली की शेजारचे हेरवाडे सर पेपर घेऊन गच्चीच्या कठड्याला आले. आमची इंदू मात्र सावकाश आली. चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या आरोळीला धावत यायची तिची सवय केव्हाच सुटली होती.

"काय झालं? साप निघाला?"

"साप परवडला! हे बघ."

मी कणीस तिच्या नाकासमोर धरलं. बाहेरून कसं, हिरवंगार, वीतभर लांब. पानं सोलली तर आत नुसता पांढरा दांडा आणि त्यावर कुठेकुठे चिकटलेले दाणे. मी ते मोजले होते.

"सात! अख्ख्या कणसाला सात दाणे! माझ्या आत्याच्या तोंडात शेवटी शेवटी याहून जास्त दात होते."

"एखादं निघतं असं. दुसरं बघा."

"चार सोलली. त्यातलं हे सगळ्यात भरलेलं."

इंदूनं कणीस उलटसुलट करून पाहिलं. तिच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात आमची सून कांचन उभी होती. सातवा महिना, एक हात कमरेवर. कणीस बघून तिचं तोंड एवढंसं झालं. ते बघून तर माझं डोकं आणखीच फिरलं, कारण हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच चालला होता.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. एसटीच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर होऊन मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मिरजेत सगळे मला शिंगटे फोरमन म्हणूनच ओळखत. गाडी आवारात शिरली की नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचो मी. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत 'माझं चुकलं' हे दोन शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. चुकलो नव्हतो असं नाही. म्हणायची सवय नव्हती.

आमचा मुलगा सुहास चाकणला नोकरीला, रविवारचा यायचा. डॉक्टरांनी कांचनला लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलेलं, त्यामुळे ती आमच्याकडेच. जूनमध्ये एकदा फिरायला गेलो असताना तिनं गाड्यावरचं कणीस खाल्लं, मग दुसरं खाल्लं, आणि बोटं चाटत म्हणाली, "मामा, हे मला रोज दिलं ना, तरी मी खाईन." तिचे डोहाळे कुठले, हे त्या दिवशी ठरलं. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून स्वीट कॉर्नचं बी आणलं आणि परसात कंपाउंडच्या भिंतीला लागून एका ओळीत लावलं. मक्याची वीस ताटं तेव्हा, वीस पंधरा दिवसांनी, म्हणजे कणसं एकदम संपायला नकोत. ओळ अशी सरळ की दोरी लावून बघावी.

मका कमरेएवढा झाला तेव्हा मी व्याह्यांना फोन केला. संपतराव जमदाडे, तासगावजवळचे द्राक्षबागायतदार. माणूस दिलदार, पण शेतीतलं आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज.

"मका? मिरजंत?" ते हसायला लागले. "पाव्हणं, टायरात लावलाय काय?"

"परसात लावलाय. चाळीस ताटं. आणि कांचनचं डोहाळजेवण मी मळ्यातलं करणार आहे. लोक कापडाचा मळा करतात, चित्रातला मका लावतात. आमच्याकडे खरा मळा, खरी कणसं. साठ माणसं जेवायला, प्रत्येकाच्या ताटात माझ्या परसातलं कणीस."

"आणि न्हाई आलं तर?"

"नाही आलं तर त्या साठ माणसांत उभा राहून म्हणेन, शिंगट्याचं चुकलं."

मग संपतराव म्हणाले, "ह्ये ऐकायला मी तासगावासनं चालत येतो."

तर असं सगळं मी स्वतःच्या हातानं गळ्यात बांधून घेतलेलं. आणि आता डोहाळजेवण पंधरा दिवसांवर आलेलं असताना कणसाला सात दाणे.

आता बिघाड शोधायची एक रीत असते. सोपं आधी बघायचं, अवघड नंतर. डिझेल नाही म्हणून गाडी बंद पडली आणि तुम्ही इंजिन उतरवून बसलात तर लोक हसतात. म्हणून मी खतापासून सुरुवात केली. खत दोनदा दिलेलं, तिसऱ्यांदा दिलं. ताटं आणखी उंच झाली, गच्चीवरून हेरवाडे सरांना हात लावता येईल इतकी, पण कणसं टकली ती टकलीच. मग पाणी बघितलं. मुळाशी बोट घालून ओल तपासली. ठीक होती. मग कीड. एकेक पान उलटं करून बघितलं, दोन अळ्या सापडल्या, पण दोन अळ्या चाळीस ताटांचे दाणे खाऊन ढेकर देतील यावर माझा विश्वास बसेना. तरी उगीच शंका नको म्हणून लसूण आणि हिरवी मिरची वाटून त्याचं पाणी केलं आणि रोज संध्याकाळी फवारायला सुरुवात केली. इंदूचा मिक्सर आठ दिवस झोंबत होता.

राहता राहिले पोपट. त्यांच्यासाठी मी जुन्या कॅसेटची टेप काढून ताटांवरून ताणून बांधली. वाऱ्यानं ती फडफडते, चकाकते, पाखरं घाबरतात. ती कॅसेट इंदूच्या भजनांची निघाली. त्यावरून दोन दिवस घरात जे काही झालं ते इथे सांगत नाही.

पोपट सकाळी सहा ते सातच्या दरम्यान येत असणार असा माझा हिशेब होता, आणि नेमका तोच माझा फिरायला जायचा वेळ. म्हणून मी कांचनला पहारेकरी नेमलं.

"तू काही करू नकोस. नुसती खुर्ची टाकून बस. पोपट दिसला की टाळी वाजव."

"बसते की मामा," ती लगेच म्हणाली. "उलट मला बरंच आहे."

"बघ," मी इंदूला ऐकवलं, "या घरात एक तरी माणूस असं आहे की ज्याला काम सांगितलं की होतं."

इंदूला एवढा ठसका लागला की तिला पाणी द्यावं लागलं.

पाण्यावरून आठवलं. त्या दिवसांत मला मूतखड्याचा त्रास होता. सहा मिलिमीटरचा खडा. दोनदा कळ उठून मी गुरासारखा ओरडलो होतो. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या, महिनाभर बघू, नाहीतर ऑपरेशन. इंदूनं घरगुती औषधांचा सपाटा लावला. कुळथाचं कढण केलं, कसलीशी पानं आणली. मी सगळं मोरीत ओतलं. "रेडिएटरमध्ये कुणी झाडपाला घालतं का?" असं तिला विचारलं. मी डॉक्टर सांगेल तेवढंच करणारा माणूस. शेवटी ती म्हणाली, "बरं बाई, डॉक्टरांनी बार्लीचं पाणी सांगितलंय, ते तरी घ्याल का?" डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर मी हो म्हणालो. रोज सकाळी सात वाजता फिरून आलं की ओसरीत भला मोठा पेला तयार असायचा. पिवळसर, कोमट, बरं लागायचं.

पण कामात ढिलाई मला खपत नाही. "हे बघ," मी रोज इंदूला पेल्याचा तळ दाखवायचो, "परत धागा! पिवळा धागा! गाळणी बदल. फिल्टर फाटला की इंजिन बसतं."

"बदलते," इंदू म्हणायची.

"आणि हल्ली याला लसणाचा वास का येतो?"

"भांड्याला लागला असेल."

"तिखटही लागतं."

"तुम्हाला सगळंच तिखट लागतं आजकाल."

कळ नसायची तेव्हाही कंबर धरलेली असायची. खाली पडलेला पाना उचलायचा तर भिंतीचा आधार घ्यावा लागे. एकदा दुपारी कॉटवर पडल्या पडल्या मी इंदूला म्हणालो होतो, "नातवंड येईल, पाळण्यात पडून हात वर करेल, आणि आजोबाला वाकता यायचं नाही." कांचन तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि विषय बदलला.

तर मक्याचं. डोहाळजेवण पाच दिवसांवर आलं, दुसऱ्या लावणीची कणसंही टकली निघाली, आणि मी हात टेकले. पिशवीत एक कणीस घातलं आणि बाजारात नदाफभाईंच्या बियाण्याच्या दुकानात गेलो. मनात असं की बीच खोटं निघालं म्हणून दोन शब्द सुनावावेत. नदाफभाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं,

"किती ओळीत लावलाय, फोरमन?"

"एका. कंपाउंडला लागून."

"इथं निम्मं चुकलं. मका चौकात लावायचा, चार ओळी तरी पाहिजेत. तुऱ्यातली पूड वाऱ्यानं उडते आणि कणसाच्या केसांवर पडते, तेव्हा दाणा धरतो. एका ओळीत ती पूड शेजाऱ्याच्या अंगणात जाते."

"म्हणजे निम्मे दाणे तरी यायला हवेत ना? सात कसे?"

नदाफभाईंनी कणीस उजेडात धरलं. शेंड्याकडे बोट दाखवलं.

"याचे केस कुठं आहेत?"

मी बघितलं. खरंच, कणसाच्या शेंड्याला जो पिवळा झुबका असतो तो नव्हताच. बोटभर बुडखा तेवढा राहिलेला.

"तुम्हाला तुमच्या भाषेत सांगतो," ते म्हणाले. "ह्यातला एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. एक वायर, एक बल्ब. वायर कापली की बल्ब लागत नाही. आणि फोरमन, ही वायर किड्यानं कुरतडलेली नाही. किडा वाकडंतिकडं खातो. हे सरळ आहे. कात्रीचं काम आहे."

माझ्या डोक्यात सण्णकन काहीतरी गेलं. कात्री! म्हणजे माणूस! मी ज्याला खत घालतोय, भजनाची कॅसेट बळी दिलीय, त्याचे केस कुणीतरी रोज येऊन कापतंय! घरी येईपर्यंत माझा आरोपी नक्की झाला होता. हेरवाडे सर. त्यांना त्या टेपच्या फडफडीचा त्रास व्हायचा, दोनदा तसं बोललेही होते. गच्चीवरून हात खाली घातला की काम झालं. चोराला सुगावा लागू नये म्हणून मी घरातसुद्धा कुणाला काही सांगितलं नाही. आपली माणसं भोळी, बोलून जायची.

दुसऱ्या दिवशी सहाला नेहमीसारखा फिरायला निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि चपला हातात घेऊन मागच्या बोळातून परत आलो. परसात पाण्याची टाकी आहे, तिच्या मागे बसलो. बसताना कंबरेतून अशी कळ गेली की हेरवाडे सरांच्या नावानं दोन शिव्या आणखी हासडल्या. मनातल्या मनात.

पाच मिनिटं गेली. हेरवाडे सर गच्चीवर आले, तुळशीला पाणी घातलं, नमस्कार केला आणि गेले. मक्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मग स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि कांचन बाहेर आली. एका हातात वाटी, एका हातात शिवणाची कात्री. खुर्ची बाजूला सारली आणि ती ओळीनं निघाली. कणीस जवळ घ्यायची, कोवळा झुबका चिमटीत धरायची आणि कच्! वाटीत टाकायची. पुढचं कणीस. कच्! माझा पहारेकरी!

मी तोंड उघडलं. आरोळी घशापर्यंत आली होती, तेवढ्यात इंदू पातेलं घेऊन बाहेर आली.

"पुरे गं. रोज एवढे कशाला? कणसांना काही होत नाही ना?"

"केसांनी काय होतंय, आत्या? सोलताना आपण ते टाकूनच देतो की."

"तुमच्याकडे असतो ना मका?"

"आमच्याकडे गुरांचा. तुरा आला की कापून घालतात, कणीस धरेपर्यंत कोण ठेवतंय! पण आज्जीनं आबांना हेच दिलं होतं. कोवळे केस घे म्हणायची, उकळून दे, खडा विरघळून पडतो."

"यांना कळलं तर मोरीत ओततील."

"बार्ली म्हणून पितायत ना? पिऊ देत." तिनं आणखी एक झुबका कापला आणि कंबर धरून सरळ झाली. "रविवारी मी तासगावला जाणार. त्याच्या आत पडला पाहिजे हो आत्या. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले होते मामा. बाळाला वाकून उचलता यायचं नाही म्हणाले. मला नाही बघवलं."

टाकीमागे मी हातातल्या चपलांसकट बसून राहिलो. आरोळी कुठे गेली मला कळलं नाही. सख्खी लेक नाही मला. सून म्हणून आलेली ही पोर, सातव्या महिन्यात पहाटे उठून, जे कणीस तिला स्वतःला खायचं होतं त्याचेच केस माझ्यासाठी कापत होती. आणि तिला हे ठाऊकच नव्हतं की केसांबरोबर दाणेही जातात. मी आत्ता तोंड उघडलं असतं तर तिला ते कळलं असतं.

थोड्या वेळानं दुसरी एक गोष्ट डोक्यात उजेड पाडून गेली. गेले आठ दिवस मी संध्याकाळी लसूण-मिरची फवारत होतो, आणि सकाळी तीच उकळून पीत होतो.

मी बोळातून परत गेलो, चपला घातल्या आणि सात वाजता पुढच्या दारानं घरात आलो. पेला तयार होता. प्यायलो. तळाशी पिवळा धागा होता. मी पेला खाली ठेवला आणि पेपर उघडला.

पुढचे दिवस मी मुकाट होतो. फवारणी बंद केली. शुक्रवारी इंदूनं विचारलं, "अहो, रविवार आला. कणसांचं काय?"

"बघू."

"बघू?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

खरं सांगतो, मला मार्ग दिसत नव्हता. संपतरावांना फोन करून मका आला नाही म्हणावं, तर ते कारण विचारणार. कारण सांगावं, तर पोरीनं आयुष्यभर मनाला लावून घेतलं असतं. एकच आशा होती की लग्नघाईसारख्या त्या गर्दीत कुणाला कणीस सोलायचं सुचू नये.

रविवारी परसात मांडव पडला. मक्याच्या ताटांपुढे झोपाळा, कांचनला हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, फुलांचा मुकुट. मागे हिरवागार मळा. दिसत होतं मात्र अस्सं की फोटोवाला खूश. बायका ओटी भरत होत्या, गाणी म्हणत होत्या. संपतराव फेटा बांधून आले, झोपाळ्याजवळ जाऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"पाव्हणं, मळा झ्याक हाय. आता कणीस दावा."

"आधी जेवून घ्या," मी म्हणालो.

"ताटात कणीस हाय म्हणून तर जेवायला आलोय."

मी काही बोलायच्या आत ते ओळीत शिरले, हाताला लागलं ते कणीस काडकन मोडलं, आणि साठ माणसांसमोर सोलायला लागले. एक पान. दुसरं पान. तिसरं. गाणी थांबली.

"अगं बया!" पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "ह्याला तर दातच न्हाईत!"

सगळा मांडव हसला. हेरवाडे सर सगळ्यात जास्त हसले आणि मला त्यांचं काही बोलताही येईना, कारण मी त्यांच्यावर मनातल्या मनात खटला चालवलेला होता. संपतराव मात्र हसले नाहीत. ते कणसाच्या शेंड्यावरून अंगठा फिरवत होते. हा माणूस आयुष्यभर द्राक्षाचे घड कात्रीनं विरळत आलेला. कात्रीचा काप त्याच्या बोटांना कळणारच.

"थांबा," ते म्हणाले. "पाव्हणं, ह्याचं केस कुणीतरी..."

झोपाळा थांबला. कांचन एकदा बापाच्या हातातल्या कणसाकडे बघत होती, एकदा केसांच्या कापलेल्या बुडख्याकडे. तिचा चेहरा उतरत गेलेला मला दिसला. तिला कळत होतं. अजून अर्ध्या मिनिटात सगळ्यांना कळलं असतं.

"माझं चुकलं!" मी म्हणालो.

वर्कशॉपचा आवाज होता तो, चार गाड्या चालू असताना ऐकू जाणारा. इंदूनं हातातलं तबक खाली ठेवलं.

"मका चौकात लावायचा असतो. चार ओळीत. मी शहाणपणा केला आणि एका ओळीत लावला. तुऱ्यातली पूड वाऱ्यावर गेली, दाणा धरलाच नाही. यात कुणाचा काही दोष नाही. शिंगट्याचं चुकलं. झालं?"

संपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पाव्हणं, नुसत्या एका ओळीनं एवढं टक्कल पडत न्हाई."

"पडतं," मी म्हणालो.

त्यांनी ते कणीस कोटाच्या खिशात घातलं. "बरं, पडतं," म्हणाले, आणि मग मोठ्यानं, "चालत यायला पायजे हुतं मी!"

पुन्हा हशा झाला, यावेळी ते स्वतःही हसले. तेवढ्यात इंदू आतून वाफाळतं पातेलं घेऊन आली. साठ कणसं, उकडलेली, मीठ-लिंबू लावलेली. पहाटेच मंडईतून पोतं आणून ठेवलं होतं बाईनं. माझ्यावर तिचा भरवसा किती, हे मला त्या दिवशी पुन्हा एकदा कळलं. कांचननं दोन खाल्ली. खाताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

चार वाजता तासगावची गाडी दारात लागली. इंदू डोळे पुसत होती. कांचन पाया पडायला वाकायला लागली तसा मी तिला वरच्या वर धरलं.

"असू दे, असू दे. तू नको वाकूस."

"मामा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "बार्लीचं पाणी चुकवू नका. डब्यात भरून ठेवलीय बार्ली. वाळवून."

"नाही चुकवत."

ती गाडीत बसली. दार लावता लावता थांबली.

"आणि पुढच्या वर्षी पाच ओळी लावा. चार दाण्यांना, एक बार्लीला."

मी बघतच राहिलो. "मला ठाऊक आहे, हे तुला कधी कळलं?"

"चार दिवस झाले मामा," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले, "तुम्ही गाळणीबद्दल काही बोललाच नाहीत."

गाडी गेली. मी रोज सकाळी तो पेला घेत राहिलो, धाग्यासकट. अकराव्या दिवशी खडा पडला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पोटात गेलं म्हणून पडला, आणि बार्ली तुम्हाला कुणी सांगितली? मी तर नव्हती सांगितली, असंही म्हणाले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. घरी आलो आणि तासगावला फोन लावला.

"कांचन, पडला."



"मग आता वाकता येतं का, मामा?"

"तू बाळ घेऊन ये," मी म्हणालो. "दाखवतो."